पाइप गटारातून वर आला

आई, तुला वाकून नमस्कार.

तुझी नात छोटी आता ठणठणीत आहे. जुलाब-उलट्यांनी चार दिवस दवाखान्यात होती, हे मुद्दामच कळवलं नव्हतं. तू घाबरून तशीच निघाली असतीस.

आमच्या वस्तीतला पिण्याच्या पाण्याचा पाइप गटारातून जातो आणि तिथेच फुटलाय, हे शेजारच्या प्लंबरकाकांनी शोधून काढलं. मग आम्ही गल्लीतल्या बायका तेच पाणी बाटलीत भरून पाणीखात्यात गेलो. साहेब म्हणाले, "बघतो." मी म्हटलं, "बघू नका, प्या." आठवड्याच्या आत नवा पाइप गटारापासून लांब, भिंतीवरून नेला!

पाणी अजूनही उकळूनच देते, काळजी करू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत?

आज छोटीने आपणहून पुन्हा भात मागितला, आणि वाढता वाढता मला रडूच आलं.

तुझी धाकटी