सलीमची शीळ

मंगळवार, संध्याकाळ. महाड.

गाणं नेटवर टाकून आठवडा झाला, आणि आज दुपारी सलीमचा व्हॉईस मेसेज आला, कतारहून. तिकडं जायच्या आधी तो वीर स्टेशनला रिक्षा लावायचा. गाडी लेट असली की हुडाच्या दांडीवर बोटं वाजवत शीळ घालायचा. माझं गाणं त्याच शिळेनं सुरू होतं. मीच म्हणालो होतो, "परत घाल रे, रेकॉर्ड करतो." तो म्हणाला, "घे की शायर, शिळेला काय मीटर हाय?"

गाणं टाकताना संगीत कोणाचं असा रकाना होता. मी फक्त माझं नाव लिहिलं. मग पोलादपूरची एसटी दिसली म्हणून पळालो, आणि कुडपणच्या डोंगरात दोन दिवस उगाच भटकलो. तिथं वर वारा असा काही... जाऊ दे, विषय तो नाय.

सलीम म्हणतो, "लय भारी झालंय रे. खोलीतल्या पोरांना सांगितलं, ही शीळ माझी हाय. कोण मानतच नाय. म्हणतात, तुझं नाव कुठाय?" आणि हसला. चिडला असता तर बरं झालं असतं.

आईला सांगितलं, त्याचं नाव गडबडीत राहून गेलं. पण राहून गेलं नव्हतं. सलीम असं लिहून झालं होतं, ते मीच पुसलं. नुसती शीळच तर हाय, असं वाटलं.

आत्ता ती शीळ चार वेळा ऐकली. त्याला उत्तर म्हणून अंगठा पाठवलाय.