आईंसाठी साइडकार

सोनईहून नगरला निघालेली जीप दारात हॉर्न देत होती, तरी दया टेबलाशी उभ्यानेच चिठ्ठी लिहीत होती. नवरा मार्क सकाळीच श्रीरामपूरला पत्रा कापून आणायला गेला होता. त्याच्या बत्तीस वर्षं जुन्या, बासष्ट सालच्या बुलेटला आईसाठी साइडकार जोडायचं काम सहा महिने चाललं होतं.

‘अहो,
आईंना नगरच्या दवाखान्यात नेते आहे. पायाची जखम काळी पडली आहे, आता थांबवत नाही. साइडकारमधूनच जाईन म्हणून त्या हटून बसल्या, आणि तुम्ही आधी कार्ब्युरेटर बदलला, मग शॉकअप बदलले, मग चांगला बसलेला पत्रा उतरवून पुन्हा कापायला घेतला. आईंना शर्यतीत जायचं नव्हतं. नुसतं बसायचं होतं. भाकरी टोपलीत आहे. ओट्यावरचे रंगाचे डबे आजच्या आज उचला.’

जीपमधून सासूबाई म्हणाल्या, “रागं भरून लिहू नगं गं. माझ्यापायीच करतोय त्यो.”

“रागावूनच लिहितेय, आई,” दया म्हणाली.

काल गावातल्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की पाय बहुतेक गुडघ्यापासून काढावा लागेल. आईंना ते ठाऊक नव्हतं, मार्कलाही नव्हतं. चिठ्ठीत ते लिहायला ती धजली नाही. तिने खाली एवढंच लिहिलं :

‘नवा पत्रा अजून ठोकू नका. आम्ही परत आल्यावर आईंचं माप पुन्हा घ्या.’