कोराडीचा पामेरियन आणि मनीषनगरचा हस्की

बाबा, आपल्या घरात पुन्हा कुत्रा आलाय. तुम्ही गेल्यापासून मी नको म्हणत आले आणि इतकी वर्षं ते निभावलंही. पण गेल्या हिवाळ्यात तुमच्या नातीची मैत्रीण नोकरीसाठी पुण्याला गेली, तिथल्या घरमालकाला कुत्रा चालेना, आणि एका संध्याकाळी आपली पोरगी मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटच्या दारात लांडग्यासारखं जनावर घेऊन उभी राहिली. "आई, हस्की आहे. आठवडाभरच ठेवू." निळे डोळे, पाठीवर वळलेली शेपूट आणि अंगावर गोधडीएवढे केस. ही जात बर्फात गाड्या ओढणाऱ्यांची. मी म्हटलं, "अवं, नागपूरच्या मे महिन्यात याचं काय करशील?" तर म्हणते, "मे महिन्याले अजून टाइम आहे." आठवडा कधी संपला ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

त्याला पाहिलं की मला आपला कोराडीचा पामेरियन आठवतो. वीज केंद्रातले तुमचे सहकारी बदली होऊन गेले आणि जाताना ते पांढरं पिल्लू तुमच्या हातात देऊन गेले. तेव्हा आपल्याकडे पांढरा आणि केसाळ कुत्रा म्हटलं की तो पामेरियनच. पण वर्षभरात त्याचे पाय लांबत गेले, एक कान उभा राहिला, दुसरा काही केल्या उठेना. शेजारचे काका म्हणायचे, "भाऊ, हा तर वाढूनच राहिला." तुम्ही म्हणायचात, "खातो चांगला, म्हणून." सकाळी रिठ्यानं धुतलेला हा संध्याकाळपर्यंत केंद्राच्या चिमणीतून उडणाऱ्या राखेनं करडा झालेला असायचा. शेवटी राख अडकू नये म्हणून तुम्ही आईची कात्री घेतली आणि त्याला जवळजवळ सोलूनच काढलं. आई कात्रीसाठी ओरडली, कुत्र्यासाठी नाही.

त्याच सुमारास नागपुरात कुत्र्यांचं प्रदर्शन असल्याचं तुमच्या कानावर आलं. मी पाचवीत असेन. बक्षीस आपलंच, याबद्दल आपल्या दोघांना काडीची शंका नव्हती. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "कुत्रं नाही चालत." तुम्ही त्याला भाजीच्या मोठ्या पिशवीत घातलं, वरून माझा स्वेटर टाकला. सगळं ठीक चाललंय, आणि कंडक्टर तिकीट फाडत असताना पिशवी शिंकते. कंडक्टर पिशवीकडे बघतो, तुम्ही खिशातून रुमाल काढून नाक पुसता. तो हसला आणि पुढे गेला.

मैदानावर चकचकीत अल्सेशियन, डौलदार डॉबरमन आणि त्यांच्या रांगेत आपला अर्धवट कातरलेला. परीक्षक जनावरांचे डॉक्टर होते. त्यांनी दात पाहिले, छातीला नळी लावली, पडलेला कान उचलून आत पाहिलं. मग म्हणाले, "हा पामेरियन नाही. स्पिट्झ असावा, थोडा. बाकीचं मला सांगता येणार नाही." आणि लगेच तुमच्यावर चिडले, "याचे केस कुणी कापले? थंडी असो की ऊन, दोन्हीपासून तेच त्याला वाचवतात. कंगवा फिरवा, कात्री नाही." चारचौघांत बोलणी बसली तरी तुम्ही जागचे हलला नाहीत. उलट विचारतच सुटलात. दूधपोळी चालते का? कांदा? कानाले तेल घालू का? मागची रांग कुरकुरायला लागली. डॉक्टरांचा राग कुठल्या कुठे गेला. कांदा मुळीच नको, साखर नको, कानात तेल तर नकोच, असं एकेक सांगत बसले.

बाहेर आल्यावर मी रडायला लागले. तुम्ही म्हणालात, "काहून रडून राहिली वं? दात चांगले आहेत म्हणाला, छाती चांगली आहे म्हणाला. याले सांभाळाचं कसं, थेही समजलं. अजून काय पाहिजे?" मग सीताबर्डीवर त्याच्यासाठी स्टीलचा कंगवा घेतला, आपण दोघांनी समोसे खाल्ले, आणि कॉलनीत जो भेटेल त्याला तुम्ही मोठ्या अभिमानानं सांगत सुटलात, "स्पिट्झ आहे. थोडा."

मे लागला तशी तुमची नात एका रविवारी केस कापायचं मशीन घेऊन हस्कीच्या मागे लागली. मी ते हिसकावून कपाटात ठेवलं आणि अंगावरचे सुटे केस विंचरून काढले. उशीभर निघाले. पण चारच दिवसांनी भर दुपारी वीज गेली, कूलर बंद पडला. मी घरात एकटी. बघते तर तो दाराशी आडवा, जीभ विटेसारखी लाल, तोंडातून लाळ, उठायला गेला तर मागचे पाय लटपटले. बाबा, मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "आधी ओला करा, मग आणा. बर्फ नको, साधं पाणी." मी त्याला ओढत न्हाणीघरात नेलं. पोटावर, मांड्यांमध्ये, पंजांवर पाणी ओतत राहिले, दुसऱ्या हातात पुठ्ठा धरून वारा घालत राहिले. विहिरीवरचा पंप सुरू होत नसला की माणसं जशी मोटारीशी बोलतात तशी मी त्याच्याशी बोलत होते. चल, चल गा, उठ. बऱ्याच वेळानं त्यानं मान उचलली आणि माझ्या हाताचं पाणी चाटलं. मग वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी गाडी काढली. दवाखान्यात सलाईन लागलं. संध्याकाळी घरी आला तो सरळ ओट्यावर पाय ठेवून टरबुजाची फोड पळवून गेला. मी रागवायला तोंड उघडलं आणि हसतच सुटले. तुम्हाला सांगावंसं वाटलं ते त्याच क्षणी.

हे पाकीट कुठल्या पेटीत टाकायचं, तर कुठल्याच नाही. म्हणूनच एक गोष्ट बिनधास्त लिहिते. त्या आठवड्यात आम्ही एसी बसवला. तुमच्या जावयांना मी सांगितलंय की उन्हानं माझं डोकं फार दुखतं. ते बिचारे रोज विचारतात, आता बरं वाटतं का? मी हो म्हणते. कुत्रा पलंगाखालून मान वर करून माझ्याकडे बघतो. अजून तरी त्यांना काही कळलेलं नाही.