पूजेचा फ्लॅश

शेवगाव,
१५ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुनीलभाऊजी,

सविताचा नमस्कार. पुण्यात तुम्ही बरे असाल, इकडे आम्ही बरे आहोत.

स्टुडिओतला नवा डिजिटल कॅमेरा वाचला. नगरच्या दुरुस्तीवाल्याने काल तसं सांगितलं. फोटो निघतात, पण फ्लॅश बसतो तिथलं सर्किट जळालंय, ते बदलावं लागेल. घरचा फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र.

खंडेनवमीला स्टुडिओतल्या सगळ्या सामानाची पूजा झाली. पूजेनंतरचा पहिला फोटो आप्पांच्या जुन्या फ्लॅशनेच काढायचा, ही आपल्या घरची रीत. दरवर्षी तो रोलच्या कॅमेऱ्यावर लागायचा. यंदा रोल मिळाला नाही. आप्पांनी हळदकुंकवासकट तो फ्लॅश नव्या डिजिटलवर चढवला.

मी म्हटलं, "आप्पा, भाऊजी नको म्हणाले होते."

"त्यो मला शिकवनार व्हय? ह्या फ्लॅशनं त्याच्या बारशाचा फोटो काढलाय!"

मागे याच बोलण्यावरून तुम्ही घर सोडलंत. आप्पांनी बटण दाबलं. एकदा लख्ख उजेड पडला आणि मग त्या कॅमेऱ्यावर कुठलाच फ्लॅश पेटेना.

आप्पा स्टुडिओत जाईनात. मग एका दुपारी तुमच्या खणातला व्होल्ट मोजायचा मीटर काढून बसले. फ्लॅश चार्ज केला, खालच्या टोकांना तारा टेकवल्या. काटा दोनशेच्या पुढे. तुम्ही सांगितलेलं तेच. नवा कॅमेरा एवढे व्होल्ट सोसत नाही.

आता गावातले फोटोग्राफर आपापले जुने फ्लॅश आप्पांकडे तपासायला आणतात. "खोलू नगा रं, बंद असला तरी आत करंट ऱ्हातो," म्हणून दटावतात. परवा त्यांच्यातल्या राधाकृष्णने चिडवलं, "आप्पा, ह्या वयात कुठं शिकून आलात?"

"माज्या धाकट्यानं सांगितलं हुतं. मीच आयकलं न्हाई."

चार माणसांत म्हणाले, भाऊजी. पंचाहत्तरीच्या माणसाला हे किती जड गेलं असेल! मला त्यांचा अभिमान वाटला.

नवा फ्लॅश घ्यायचाय. नगरला मिळतो, तरी आप्पा पुण्यालाच जायचं म्हणतात. "कंचा चालंल ते त्यालाच कळतं." रविवारी सकाळच्या एसटीने निघतील. तुम्हाला कळवू नको म्हणालेत. दारातूनच परतवून लावाल, याची त्यांना धास्ती आहे.

मी कळवलंय. दिवाळीला दोघं एकाच गाडीने याल, असं धरून चकलीची भाजणी दळायला टाकली आहे.

तुम्हा दोघांचीही बाजू घेणारी,
सवितावहिनी