नऊ दिवसांची खोली

ता. ३ जून

चि. दादूस आशीर्वाद.

तुझी ताई जाऊन आज महिना झाला. मी ठीक आहे. चहा मला जमतो, डबा बाहेरून येतो.

दवाखान्यात तू पदरचे पैसे भरलेस, ते मला द्यायचेच आहेत. पण तू कळवलेला आकडा पटत नाही. तीस वर्षं मुलांना गणित शिकवलं, म्हणून विम्याचे कागद घेऊन बसलो. एकूण बिल तीन लाख. खोलीभाडं विम्यातून दिवसाला चार हजारांपर्यंत मिळतं, आपली खोली सहा हजारांची. म्हणजे नऊ दिवसांचे वरचे अठरा हजार आपले. उरलेल्या रकमेत आपला वाटा दहा टक्के, अठ्ठावीस हजार दोनशे. बेरीज सेहेचाळीस हजार दोनशे. तू मागतोस एक लाख दोन हजार. मधले पंचावन्न हजार आठशे गेले कुठे?

शिवाय पहिल्या दिवशी खोलीचा नंबर वेगळा होता. ती कोणी बदलली, का बदलली, मला कोणी सांगितलं नाही. बिलाच्या खिडकीशी तूच असायचास. आणि परवा तुझ्या दुकानाला नवं शटर पाहिलं. आरोप करत नाही, विचारतो आहे.

घरी सर्वांची आठवण काढल्याचं सांग.

तुझा भाऊजी

ता. ८ जून

ती. भाऊजी, सा. न.

पत्र वाचून बायको म्हणाली, फोन करून भांडा. म्हटलं, भाऊजी फोनवर ‘हं’च्या पुढे जात नाहीत, दोन्हीकडून मलाच भांडावं लागेल.

शटर एका टेम्पोवाल्यानं ठोकरलं, त्यानंच बदलून दिलं. त्याला विचारा. तुम्ही विचारालच.

आता गणित, मास्तर. मोठी खोली घेतली की विमा कंपनी नुसता भाड्यातला फरक कापत नाही. सहा हजारांपैकी चार मंजूर, म्हणजे दोन तृतीयांश. मग डॉक्टर, ऑपरेशन, नर्स, सगळ्याचे दोन तृतीयांशच देतात. साठ हजारांची औषधं तेवढी पूर्ण धरली. भाड्यातले अठरा हजार, उपचारांच्या एक लाख शहाऐंशी हजारांतले बासष्ट हजार आपल्या अंगावर. राहिलेल्या दोन लाख वीस हजारांचे दहा टक्के बावीस हजार. करा बेरीज.

आणि खोली मी नाही बदलली. ताईनं बदलायला लावली, तुम्हाला सांगणार नाही असं माझ्याकडून कबूल करून घेतलं. पण आता माझ्यावर चोरीचा आळ येतोय, तर खुशाल सांगतो. चार हजारांच्या खोलीत दोन पेशंट होते, घरच्यांना संध्याकाळी एक तास. ताई म्हणाली, ते घरी एकटे काय करतील, त्यांना इथे बसू दे.

राग आलाय. तरी तब्येत सांभाळा.

तुमचा मेहुणा, दादू

ता. १५ जून

चि. दादूस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचूनही मला खरं वाटलं नाही. ते खिशात घालून दवाखान्यात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी फाइल काढली. तुझा एकही आकडा चुकलेला नाही. खोली बदलण्याचा अर्जही दाखवला. ‘विम्यात कपात होईल याची कल्पना आहे’ असं त्यावर छापलंय आणि खाली तिची सही आहे.

एक लाख दोन हजार आज तुझ्या खात्यात भरले. तुझ्यावर विश्वास ठेवायला मला त्या खिडकीपर्यंत जावं लागलं, याची लाज वाटते. घरी ये, काय बोलायचं ते तोंडावर बोल.

एक विचारायचं आहे. ते नऊ दिवस मी खुर्चीत बसून शब्दकोडी सोडवली. ती माझ्याकडे बघत पडून असायची. एकदा मला अडलेला शब्द तिनं सांगितला, तेवढंच. मला वाटायचं, घरी आली की बोलू. तिला ते नुसतं बसणं पुरलं का? तुझ्यापाशी काही बोलली असेल तर कळव. बोलली नसेल तर तसं लिही. मला बरं वाटावं म्हणून मनचं काही रचू नकोस, मी ओळखेन.

तुझा भाऊजी