प्लोवदिवला न पोचलेली तार

अल हैल, मस्कत,
शुक्रवार

प्रिय अण्णा,

काल तुम्हाला जाऊन सहा महिने झाले. पण हे पत्र त्यासाठी नाही. मी तुमच्यावर रागावले आहे. हा राग सहा महिने मी भलत्याच माणसावर काढत होते, हे गेल्या आठवड्यात कळलं, म्हणून लिहायला बसले.

चिपळूणहून मस्कतला परतणाऱ्या एका ओळखीच्या बाईंबरोबर धाकट्या नितीनने तुमचा पोस्टाच्या तिकिटांचा अल्बम पाठवला. बल्गेरियाच्या पानात घडी घातलेला एक कागद होता. त्यावर तुमचं अक्षर, जरा थरथरलेलं, पण ओळ सरळ. "बयोला आत्ता कळवू नये. ती परत आल्यावर सांगावे." खाली तारीख, वेळ आणि सही.

वेळसुद्धा टाकलीत, अण्णा! ऑक्सिजनचा मास्क लावलेला माणूस घड्याळ बघून वेळ टाकतो?

मला वाटत होतं की नितीनने मला फसवलं. तुम्ही फसवलंत, हे माझ्या मनालाही शिवलं नव्हतं. कारण तुम्ही तर तारा वाटणारे!

पोस्टात लागल्यावर पहिली काही वर्षं तुम्ही गावोगाव सायकलवरून तारा पोचवल्यात. ती हळदीच्या घरची गोष्ट मी तुमच्याकडून किती वेळा ऐकली असेन! मांडव घातलेला, नवरी पिवळी झालेली, आणि तुमच्या खिशात तिचा भाऊ मुंबईत गेल्याची तार. चुलत्याने तुम्हाला कुंपणाशीच अडवलं. "मास्तर, उद्या लग्न लागू दे. मग द्या. तुमच्या पाया पडतो." तुम्ही मांडवात गेलात आणि तार नवरीच्या बापाच्या हातात दिलीत. मी विचारलं होतं, "अण्णा, तुम्हाला वाईट नाही वाटलं?" तुम्ही म्हणालात, "वाटलं ना. पण तार त्याची होती. माझी नव्हती."

मग माझी तार कुणाची होती?

तुम्ही शनिवारी दवाखान्यात गेलात, रविवारी सकाळी गेलात. मला कळलं बुधवारी. मधले दिवस मी प्लोवदिवमध्ये फिरत होते. तेही तुमच्यामुळेच! दुसऱ्या कुणाच्या बापाने मुलीला बल्गेरियाची तिकिटं दाखवून ती लिपी शिकवली असेल? गुलाबाची फुलं, लाकडी मजले बाहेर आलेली घरं, आणि खाली ती उलटीसुलटी अक्षरं. "हे आपल्या प-सारखं, ते व-सारखं. वाच, बयो." सातवीत असताना मला रेल्वेचं वेळापत्रक वाचता येत नव्हतं, पण प्लोवदिव वाचता येत होतं.

इतकी वर्षं ओमानमध्ये राहून मी सुट्टी म्हणजे फक्त गाव एवढंच केलं. या वर्षी तुम्हीच मागे लागलात. "दरवर्षी काय येतेस ती फणस खायला? तिकडे जा, फोटो पाठव." मिलिंदला सोहारच्या प्लँटमधून रजा मिळाली नाही, म्हणून मी आणि इरा दोघीच गेलो.

घरं तिकिटावरच्यासारखीच आहेत, अण्णा. टेकडीवर चढत जाणारे दगडी रस्ते इतके ओबडधोबड की इराने दुसऱ्याच दिवशी चप्पल तोडली. निळी, पिवळी, विटकरी घरं, आणि वरचे मजले समोरच्या घराशी गप्पा मारायला पुढे झुकल्यासारखे. उतारावर रोमन लोकांचं उघडं नाट्यगृह. तिथल्या पायऱ्यांवर बसून आम्ही चीज भरलेली बानित्सा खाल्ली. तेलकट बोटांनी फोटो काढले, तुम्हाला पाठवले.

सोमवारी माझ्या लक्षात आलं की घरांच्या दारांवर, झाडांवर, बस-थांब्यांवर कागद चिकटवलेत. माणसाचा फोटो आणि खाली मजकूर. मला वाटलं, निवडणूक आहे. इरा म्हणाली, "आई, हे सगळे मिसिंग आहेत का?" आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या स्टांकाबाईंच्या दारावरही एक होता, मिशीवाल्या माणसाचा. त्यांनी फोनवर भाषांतर करून सांगितलं की तो त्यांचा नवरा, अकरा वर्षांपूर्वी गेला. माणूस गेला की इथे दारावर कागद लावतात. चाळीस दिवसांनी नवा, सहा महिन्यांनी नवा, मग दरवर्षी. मी विचारलं, "अकरा वर्षं झाली तरी?" त्या म्हणाल्या, "दाराने सांगितलं की मला प्रत्येकाला सांगावं लागत नाही."

मी त्या कागदांचे फोटो काढले आणि हौसेने तुम्हाला पाठवले. खाली लिहिलं, "अण्णा, बघा, इथे मेलेल्या माणसांची नोटीस लावतात! तुमच्या पोस्टाच्या फळ्यासारखी."

थोड्या वेळाने उत्तर आलं, "छान," आणि पुढे अंगठा.

स्टांकाबाईंनी विचारलं, "वडील?" मी आनंदाने मान हलवली आणि त्यांना फोन दाखवला. बघा, लगेच उत्तर देतात!

तुम्ही जाऊन दीड दिवस झाला होता. मी तुम्हाला मेलेल्या माणसांचे फोटो पाठवत होते, आणि तुमच्या फोनवरून नितीन मला अंगठा दाखवत होता. त्या अंगठ्याची मला अजून शिसारी येते.

बुधवारी दुपारी मस्कतला उतरलो. मिलिंद विमानतळावर होता. रोज फोनवर तो मला विचारायचा, "काय, आज कुठली टेकडी?" मी सामान ठेवायला गाडीची डिकी उघडली, तर आत माझी निळी बॅग. भरलेली.

"ही कशाला?"

"तुला मुंबईला जायचंय. तिकीट केलंय, अडीच तासांनी आहे."

"काय झालं?"

"आधी गाडीत बस."

"मिलिंद, काय झालं?"

त्याने इराकडे बघितलं, माझ्याकडे नाही. तेव्हा कळलं. बॅगेत त्याने माझी पांढरी साडी इस्त्री करून ठेवली होती. एवढी काळजी! आणि तीन दिवस एक शब्द नाही!

मी जलदान विधीला पोचले. लोकांनी तुम्हाला शेवटचं पाहिलं होतं, मी तुमच्या फोटोला फुलं वाहिली. त्रिसरण चालू असताना माझे ओठ हलत होते आणि नजर नितीनवर होती. विधी आटोपल्यावर अंगणात सगळ्यांसमोर मी त्याला म्हटलं, "तुला कुणी हक्क दिला रे?" तो म्हणाला, "ताई, तू लांब होतीस. काय केलं असतंस?" मी म्हटलं, "रडले असते! तेवढं तरी माझं होतं ना?" त्यानंतर सहा महिने मी त्याच्याशी बोलले नाही.

चिठ्ठी मिळाल्यावर फोन केला.

"आधी का नाही दाखवलीस?"

तो म्हणाला, "तुझा राग माझ्यावर राहिला तर चालण्यासारखं होतं ताई. मी उद्याही असेन, कधीतरी भांडून मिटवशील. अण्णांशी कशी मिटवणार होतीस?"

"मग आता का पाठवलीस?"

"मला तुझ्याशी बोलायचं होतं गं."

अण्णा, याला माफ करायला मला एक मिनिट लागलं. तुम्हाला नाही जमत.

पण मी डायरी लिहिणारी बाई, म्हणून स्वतःचीही तपासणी केली. त्या सोमवारचं पान काढलं. त्यावर माझ्याच हाताने लिहिलंय, "अण्णांचं उत्तर तुटक. तब्येत? उद्या फोन करावा." तुमचा प्रत्येक मेसेज "बयो," ने सुरू होतो आणि "अण्णा" सहीने संपतो, हे मला माहीत नव्हतं का? मंगळवारचं पान बघितलं तर त्यात नाट्यगृह आहे, बानित्सा आहे, इराची नवी चप्पल आहे. फोन नाही. मला तुमचं काही बिघडलेलं असायला नको होतं, अजून एक दिवस. तुम्ही तार अडवलीत हे खरं. दार मीही थोडं लोटून घेतलं होतं.

आणि अजून एक. मागे सोहारचं पहिलं कंत्राट संपून मिलिंद पाच महिने घरी बसला होता, तेव्हा मी दर शुक्रवारी फोनवर तुम्हाला काय सांगत होते? "सगळं मजेत!" तुम्ही एकदाच विचारलंत, "जावईबापू हल्ली लवकर घरी येतात वाटतं?" मी हसले. तुम्हीही हसलात. म्हणजे तुम्हाला कळलं होतं! आखातात राहणारी लेक घरची काळजी आणि घरचे आखातातल्या लेकीची काळजी अशीच करतात का अण्णा, एकमेकांचं तोंड दाबून? तुम्ही हे माझ्याकडूनच शिकलात की मी तुमच्याकडून?

उत्तर नाही. तुम्ही नाही. हाच तर माझा राग.

काल मी कागद छापला. तुमचा रिटायरमेंटच्या दिवशीचा फोटो, खाली मराठीत नाव, वार-तारीख आणि "सहा महिने". आमच्या फ्लॅटच्या दारावर चिकटवला. समोरच्या ओमानी आजी, उम्म सालेम, मराठी वाचता येत नसूनही तिथे थांबल्या. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बाबा?" मी हो म्हटलं. "अल्ला यरहमा," म्हणजे देव त्यांच्यावर दया करो. संध्याकाळी खजूर आणि काहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, थर्मास पाठवला. स्टांकाबाईंचं खरं आहे. दाराने सांगितलं.

कागद लावताना इराने टेपचं टोक धरलं होतं. पुढच्या वर्षी ती शिकायला पुण्याला जाईल. खाली बघत म्हणाली, "आई, मी तिकडे असताना तुला किंवा बाबाला काही झालं तर… तुम्ही पण हाइड करणार? माझी एक्झाम आहे म्हणून?"

माझ्या तोंडावर आलंच होतं, "तू अभ्यास कर, आमचं काय." जिभेवर आलेलं मी गिळलं, अण्णा. तुमच्या चिठ्ठीची पाठ कोरी होती, त्यावर तिच्यासमोर लिहिलं, "इराला त्याच दिवशी कळवावे. परीक्षा असो, प्रवास असो." तारीख, वेळ, सही. मिलिंदला हाक मारून त्यालाही सही करायला लावली. त्याने केली आणि पेन माझ्याकडे परत देताना हात जरा वेळ धरून ठेवला.

तुम्ही शिकवलं होतंत की पत्रावर दोन शिक्के असतात, एक निघाल्याचा, एक पोचल्याचा. माझ्या दारावरच्या कागदावर मी तुम्ही निघालात तो रविवार घातलाय. मला कळलं तो बुधवार नाही. डायरीतल्या त्या रविवारच्या पानावर मी टेकडी चढल्याचं लिहिलंय, ते खोडलं नाही. समासात फक्त तीन शब्द घातले, "आज अण्णा गेले."

दरवर्षी त्या दिवशी दारावर नवा कागद लागेल, हा माझा शब्द. राग असेल त्या वर्षीही आणि नसेल त्या वर्षीही. आणि या घरात आलेली तार ज्याची असेल त्याच्या हातात त्याच दिवशी पडेल. तुमच्या आधीच्या नियमाप्रमाणे, शेवटच्या हुकुमाप्रमाणे नाही.

तुमची,
बयो