टँकरचा पाऊस आणि माझा सीन

उदगीर, १४ मार्च २०१६
नाटककार मल्लिकार्जुनवर सिनेमा निघतोय! माझाच विद्यार्थी. आठवीत कवितेच्या तासाला मागच्या बाकावर नाटकं लिहायचा, मी बाहेर उभं करायचो. बाहेर उभं राहूनच निरीक्षण वाढलं त्याचं. सिनेमात हे येणारच. बायकोला सांगितलं. उमा म्हणाली, आधी घागरी भरा, मग गुरू व्हा.

२० मार्च
डायरेक्टर भेटला. पुण्याचा, कोवळा. गुरुजींचं काम खुद्द मी करणार! सीन : एसटी स्टँड, मुसळधार पाऊस, मल्लिकार्जुन मुंबईला निघालेला. मी छत्री देऊन म्हणायचं, "जा बाळा, रंगभूमी वाट पाहते आहे." असं घडलं नव्हतं, पण घडायला हवं होतं. स्वतःच्या चार ओळीही सुचवल्या. "बघू काका," म्हणाला. म्हणजे ठरलंच.

२६ मार्च
रियाज. आवाजासाठी चहा बंद (सकाळचा सोडून). उमाची तक्रार : तुम्ही लई मोठ्यानं ओरडायलात, शेजारची गंगम्मा पाण्याचा टँकर आला समजून दोनदा घागर घेऊन पळाली.
उदगीर वेगळा जिल्हा झाला की पहिला सत्कार कुणाचा, हे उघड आहे.

२ एप्रिल, सकाळ
आज शूटिंग. पावसासाठी टँकर आलाय. उमानं विचारलं, ते पाणी शेवटी जाणार कुठं? म्हटलं, कलेच्या चरणी. तिनं घागर घासायला घेतली. समजलं असावं.

२ एप्रिल, दुपार
ॲक्शन म्हणाले. पाऊस पडला. वाक्य ओठांवर होतं, पण हातांनी छत्री उलटी करून धारेखाली धरली. तोंडातून निघालं, "उमे, घागर आण!" ती गर्दीत पुढंच होती, घागरीसकट. तिच्यामागं गंगम्मा, गंगम्मामागं सगळी गल्ली. डायरेक्टर कट कट ओरडत राहिला. दुसरा टेक नाही, टँकर रिकामा. माझ्या मते अभिनय अत्यंत नैसर्गिक झाला.
घरी दोन घागरी भरल्या.

उदगीर, १८ नोव्हेंबर, रात्र
लातूरला जाऊन सिनेमा पाहिला. गुरुजींचं पात्रच नाही. पाऊस मात्र ठेवलाय. पडदाभर उमा, कमरेवर घागर, ओलीचिंब, हसतेय. मल्लिकार्जुन तिच्याकडं बघत राहतो आणि त्याला पहिलं नाटक सुचतं. टाळ्या. डाव्या कोपऱ्यात उलटी छत्री धरलेला हात माझा.
परतताना बसमध्ये दोन बायांनी उमाला ओळखलं, जागा दिली. हे कोण, म्हणून विचारलं. मी घसा साफ केला. तेवढ्यात उमानंच सांगितलं, "हे व्हय? छत्रीवाले."